खिडकीच्या गजांसाठी ड्रिल निवडताना

नारायण पेठेतल्या माझ्या आजोळच्या वाड्याला रस्त्याकडून आणि आतल्या चौकाकडून मिळून २२ खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीला ८ उभे लोखंडी गज होते. गजाचे एक टोक चौकटीच्या वरच्या पट्टीत आणि दुसरे खालच्या पट्टीत बसते; म्हणजे त्या वाड्याची लाकडी प्रतिकृती करायची, तर नुसत्या गजांसाठी ३५२ भोके पाडणे आले. १:२५ हे प्रमाण धरले, तर २० मिलिमीटर जाडीचा खरा गज ०.८ मिलिमीटरचा होतो, आणि दोन गजांच्या मध्यांमधले १०० मिलिमीटरचे अंतर ४ मिलिमीटरवर येते. मी आयुष्यभर वास्तुविशारदांच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम केले असल्यामुळे हे गणित मला नवे नव्हते. या वेळी मात्र रेघ कागदावर न ओढता लाकडात उतरवायची होती, आणि ती उतरवणारे हत्यार कोणते, हे मला माहीत नव्हते.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा मी लागोपाठ आठ रविवार तिथे जाऊन मापे घेतली होती. त्याच वेळी माजघराच्या एका खांबाचा दोन-अडीच फुटांचा तुकडा मी कंत्राटदाराकडून मागून घेतला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नारायण पेठेत पाणी शिरले, तेव्हा हा खांब त्या पाण्यात उभा होता. पाणी कुठवर चढले होते ती रेघ आई आम्हाला लहानपणी त्याच्यावर बोट ठेवून दाखवायची. वाड्याच्या खिडक्यांच्या चौकटी याच सागवानातून काढायच्या, असे मी मनाशी ठरवले. लाकूड मोजके होते, करवतीच्या पात्याइतकी जाडी प्रत्येक कापात वाया जाणार होती, आणि चिरून तासून तयार केलेली पट्टी शेवटच्या भोकाला फुटली तर तिच्या जागी दुसरी काढायला फारशी सामग्री उरणार नव्हती. ड्रिल निवडण्याच्या कामी मी जवळजवळ एक वर्ष घालवले, त्याचे कारण हे आहे. लहान प्रतिकृती करणाऱ्या इतरांना त्या वर्षाचा काही उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घरात भिंतीला भोके पाडायचे नेहमीचे ड्रिल होते. त्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्यावा लागला, कारण १३ मिलिमीटरच्या चकमध्ये, म्हणजे भोक पाडणारी धारदार काडी (बिट) पकडणाऱ्या तोंडात, साधारणपणे दीड मिलिमीटरपेक्षा बारीक बिट धरलेच जात नाही, आणि धरले गेले असते तरी तेवढ्या वजनाचे यंत्र हातात पेलून शिवणाच्या सुईएवढ्या जाडीचे बिट सरळ उतरवणे कोणालाही शक्य नाही.

मग मी बोहरी आळीत गेले. रविवार पेठेतल्या त्या अरुंद रस्त्यावर हत्यारांची इतकी दुकाने आहेत, की काय हवे आहे ते नेमके ठाऊक नसलेल्या माणसाने तिथे जाऊ नये असे मला आता वाटते. त्या दिवशी मला ते नेमके ठाऊक नव्हते. दुकानदारांनी विचारले, “ताई, काम काय आहे ते आधी सांगा.” मी म्हटले, “लाकडात बारीक भोके पाडायची आहेत.” त्यांनी समोर तीन-चार खोकी मांडली. प्रत्येक खोक्यावर फेऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला होता: मिनिटाला ३०,०००, ३२,०००, ३५,०००. एका खोक्यात यंत्राबरोबर शंभराहून अधिक सुटे भाग होते, घासायच्या चकत्या, कापायच्या चकत्या, पॉलिशचे गोळे, तारेचे ब्रश, आणि किंमत सगळ्यांत कमी होती. मी ते घेतले. पहिल्या खिडकीच्या सरावाच्या पट्टीवर त्याने चार बिटे मोडली, आणि जी भोके पडली त्यांच्या कडेला काळे वर्तुळ उमटले. लाकूड कापले न जाता जळत होते. घरभर सागवानाचा करपट वास पसरला होता, आणि तो वास माजघराच्या खांबाचा होता, हे मला फार लागले. (सरावासाठी त्याच खांबाच्या कडेची एक चिरफळी वापरली होती. ते मी करायला नको होते. सरावाला दुसरे सागवान घ्यायला हवे होते.)

लाकूड का जळते, हे समजून घेण्यासाठी मी वही काढली. बिटाची धार लाकडावरून ज्या वेगाने फिरते, तो वेग म्हणजे बिटाचा परीघ गुणिले मिनिटातले फेरे. ०.८ मिलिमीटरचे बिट २०,००० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण ५० मीटर धावते. हा काही भलता वेग नव्हे. छापील सर्किटच्या पाट्यांना भोके पाडणारी कारखान्यातली यंत्रे तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. मग दोष वेगाचा कसा? उत्तर दुसऱ्या गणितात सापडले. २०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३३ फेरे. माझा हात सेकंदाला १ मिलिमीटर या गतीने बिट खाली नेत असेल, तर एका फेऱ्यात बिट ०.००३ मिलिमीटर खाली उतरते. एवढ्या पातळ थराखाली धार शिरतच नाही, ती वरच्यावर घासत राहते, आणि घासण्यातून उष्णता होते. कारखान्यातले यंत्र त्या वेगाला साजेशा गतीने बिट खाली दाबते आणि एका केसाइतकेही बाजूला हलू देत नाही. हाताला ती गती साधत नाही, आणि साधायला गेलो तर बिट वाकून मोडते. हातात धरायच्या यंत्राचा वेग हाताच्या गतीला जुळणारा हवा, म्हणजे कमी हवा.

प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करणाऱ्यांना हे माझ्याआधी समजलेले असते, कारण त्यांना शिक्षा लगेच मिळते. त्यांच्या संचांतले पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. वेगाने फिरणारे बिट त्यात घातले, की भोक पडण्याऐवजी प्लॅस्टिक वितळून बिटाभोवती गुंडाळले जाते, आणि थंड झाल्यावर बिट तिथेच अडकते. ॲक्रिलिकचीही तीच गत. लोखंडाच्या पत्र्यात ३ मिलिमीटरचे भोक पाडायचे, तर धारेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास हवा, म्हणजे फेरे २,६५० च्या जवळपास; आणि खोक्यांवरचा सर्वांत कमी वेगाचा आकडा बहुतेक वेळा ५,००० किंवा १०,००० असतो. त्या दिवसापासून मी खोक्यावरचा मोठा आकडा वाचणे सोडून दिले. लहान अक्षरांत छापलेला, सर्वांत कमी फेऱ्यांचा आकडा आधी शोधायचा आणि तो जिथे छापलेलाच नाही ते खोके परत ठेवायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला, आणि तो आजवर मोडलेला नाही.

पण नुसता आकडाही पुरत नाही. विजेवर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत बटण फिरवून वेग उतरवला, की जोरही उतरतो. ५,००० वर ठेवलेले यंत्र बिट लाकडाला टेकताच गुरगुरते आणि थांबते. म्हणून दुकानात यंत्र सर्वांत कमी वेगावर चालू करायला सांगावे आणि चकवर चिंध्यांची घडी हलकेच टेकवून पाहावी, असे मी पूर्वी लोकांना सांगत असे. आता तसे सांगत नाही, कारण फिरत्या वस्तूला कापड लावणे धोक्याचे आहे. ते गुंडाळले जाऊन बोट ओढले जाऊ शकते. त्याऐवजी लाकडाचा एक तुकडा पिशवीत घेऊन जावे आणि दुकानदारांच्या परवानगीने त्यात एक भोक पाडून पाहावे. बोहरी आळीत तरी मला याला कोणी नाही म्हटलेले नाही.

विजेच्या यंत्राकडून हाताच्या हत्याराकडे मला कोणी वळवले, तर ते आमच्या सुताराने. स्वयंपाकघरातल्या फळ्या बसवायला आलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी माझी जळलेली पट्टी हातात घेतली, नखाने भोकाची कड चाचपली आणि विचारले, “बाई, एवढी घाई कशाला?” त्यांच्या वडिलांच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिटाबरोबर सामता असे. कमानीच्या दोरीला आढा देऊन फिरवायचा हा सामता मी लहानपणी वाड्यातच पाहिला होता: कमान पुढे गेली की दांडी एका दिशेने फिरते, मागे आली की उलट फिरते, आणि वरून नारळाच्या करवंटीने दाब द्यायचा. सोनारांकडे त्याचीच लहान भावंडे असत, आणि मळसूत्री दांडीवर मूठ खालीवर करून फिरवायचे ड्रिल अजूनही काहींच्या कामाच्या पाटावर दिसते. सुतारकाकांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता, की बारीक भोकाला हात पुरतो.

लक्ष्मी रस्त्याच्या एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा पिन व्हाइस हातात घेतला. पेन्सिलीएवढी धातूची दांडी, एका टोकाला बिट पकडणारे चिरलेले तोंड, ज्याला कॉलेट म्हणतात, आणि दुसऱ्या टोकाला मोकळी फिरणारी टोपी. टोपी तळहातात टेकवायची आणि अंगठा व दोन बोटे यांनी दांडी फिरवायची. याला मोटार नाही, वायर नाही, आणि किंमत काही शे रुपयांत बसते. चांगल्या पिन व्हाइसबरोबर वेगवेगळ्या जाडीची कॉलेटे येतात आणि त्यांत शून्याच्या जवळपासून ३ मिलिमीटरपर्यंतची बिटे धरली जातात. मी सेकंदाला एक फेरा घेते; माझ्या सागवानात १ मिलिमीटर उतरायला सुमारे ४० फेरे लागतात, म्हणजे एका फेऱ्याला ०.०२५ मिलिमीटर. यंत्रावर जी धार घासत होती ती इथे कापते, आणि भुशाऐवजी लाकडाच्या बारीक कुरळ्या सळ्या बिटाच्या खोबणीतून वर येतात. त्या पहिल्यांदा वर आल्या तेव्हा मी उठून नवऱ्याला बोलावून दाखवल्या.

ज्याला कोणाला लहान प्रतिकृती करायच्या आहेत, त्याने पहिले हत्यार म्हणून पिन व्हाइस घ्यावा आणि विजेचे यंत्र नंतर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही प्रमाणांत तर पर्यायच नसतो. कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात, जे १९९८ साली लोकांसाठी खुले झाले, मुलाला घेऊन मी अनेकदा गेले आहे, आणि तिथले सारे इवलेसे जग पाहूनच हा छंद माझ्या मनात रुजला; पण रेल्वेच्या प्रतिकृतींत रूढ असलेले १:८७ हे प्रमाण मी माझ्या वाड्यासाठी मुद्दाम घेतले नाही. त्या प्रमाणात २० मिलिमीटरचा गज ०.२३ मिलिमीटरचा होतो. तेवढे बारीक बिट हातात धरलेल्या विजेच्या यंत्राला लावले तर ते लाकडाला टेकतानाच तुटते. ते फक्त बोटांनाच ऐकते, आणि तेही सरावलेल्या बोटांना.

आता सागवानाविषयी थोडे. सागवानात वाळूचेच द्रव्य, म्हणजे सिलिका, सूक्ष्म प्रमाणात असते, आणि त्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते, हे कोणताही सुतार सांगेल. शिवाय त्याच्या वाढीच्या वलयांत एका कडेला मोठी छिद्रे असतात, ०.८ मिलिमीटरचे बिट अशा छिद्रावर टेकले, तर ते आपली जागा सोडून छिद्रात घसरते आणि ओळीतला एक गज इतरांपेक्षा पाव मिलिमीटर बाजूला जातो. कागदावर पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. आठ गजांच्या ओळीत मात्र नजर नेमकी तिथेच अडखळते. यावर उपाय म्हणजे आधी धारदार टोच्याने खूण खोल करून घेणे, आणि त्याहून चांगला म्हणजे पितळी पट्टीचा साचा. मी दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीत ४ मिलिमीटरच्या अंतराने आठ भोके पाडून घेतली आणि ती पट्टी प्रत्येक चौकटीवर बांधून तिच्या भोकांतून लाकडात उतरले. ३५२ भोकांची जागा त्या एका पट्टीने ठरते.

पितळात भोक पाडताना मात्र निराळाच अनुभव येतो, आणि तो माहीत नसेल तर बिट आणि पट्टी दोन्ही जातात. बाजारातले सर्वसाधारण बिट पोलादासाठी घडवलेले असते; त्याची धार पितळात शिरली की स्वतःहून पुढे ओढली जाते, आणि भोक पलीकडे निघण्याच्या क्षणी पट्टी उसळून बिटावर चढते. तांबट आळीतल्या एका कारागिरांनी मला यावरचा इलाज दाखवला: बारीक धारेच्या दगडाने बिटाच्या दोन्ही धारांचा पुढचा काठ अगदी किंचित सपाट करायचा, म्हणजे धार खणायची थांबते आणि खरवडू लागते. कसबा पेठेतल्या त्या आळीत सगळे ठोक्यांचे काम, तरी एवढ्या बारीक गोष्टीची त्यांना इतकी जाण होती. असे सपाट केलेले बिट पुन्हा पोलादाला वापरू नये. मी त्याच्या दांडीला लाल रंगाचा ठिपका लावून ठेवला आहे.

बिटांच्या बाबतीत एक चूक मी दोनदा केली. सर्किटच्या पाट्यांसाठीची कार्बाइडची बिटे अतिशय धारदार असतात, त्यांची दांडी सव्वातीन मिलिमीटरच्या थोडी आत असते, आणि ती अगदी बारीक मापांत मिळतात, म्हणून मी ती आणली. कार्बाइड कठीण असते तेवढेच ठिसूळही असते. हातात धरलेल्या हत्याराला जी थोडीशी बाजूची हालचाल असते तिला साधे हायस्पीड स्टीलचे बिट वाकून सामावून घेते. कार्बाइड काचेसारखे तुटते. कार्बाइड वापरायचे तर यंत्र उभ्या स्टँडमध्ये पक्के बसवूनच वापरावे.

एवढे सगळे पिन व्हाइसवर होत असताना विजेचे यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न पडेल. चौकटीच्या खाचा, महिरपींची वळणे आणि सुरूच्या आकाराच्या खांबांवरची नक्षी ही कामे बोटांनी फिरवून होत नाहीत. तिथे घासणारे, कोरणारे फिरते हत्यार लागते आणि तिथे वेगही लागतो. हे माझ्या ध्यानात आले ते भाच्यामुळे. तो दातांच्या कवळ्या आणि टोप्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. एका रविवारी तो म्हणाला, “मावशी, तू आमचं हँडपीस एकदा हातात धरून बघ.” दंततंत्रज्ञांचा मायक्रोमोटर म्हणजे मोटार थेट हातातल्या नळीत बसवलेले यंत्र, वेग मिनिटाला शून्याच्या जवळपासून ३०,००० किंवा त्याहून थोडा अधिक, वेगाचे बटण टेबलावरच्या डबीवर किंवा पायाखाली. ते पेनासारखे धरले जाते. मी त्याने टाकाऊ लाकडात एक केळफूल कोरले आणि हाताला कंप जाणवला नाही, हे मला खरेच वाटेना.

भाच्याने त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. बलुचिस्तानात मेहेरगढ येथे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीच्या दफनांत नऊ व्यक्तींचे अकरा दात मिळाले, ज्यांत गारगोटीच्या टोकाने कोरलेली भोके होती, आणि हे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्या वस्तीत मण्यांना भोके पाडणारे कारागीर होते, आणि दातांवर चाललेले हत्यार बहुधा त्यांचेच असावे असे संशोधकांनी मानले. मणी, दात, आणि आता माझ्या खिडक्या: बारीक भोकाचे काम करणाऱ्यांनी एकमेकांची हत्यारे उचलण्याची रीत इतकी जुनी आहे, हे ऐकून मला मोठा आधार वाटला.

यातून हाती लागलेली व्यवहाराची गोष्ट दांडीच्या मापाची आहे. दातांच्या आणि सोनारकामाच्या बर्रची, म्हणजे घासायच्या-कोरायच्या लहान टोकांची, दांडी २.३५ मिलिमीटरची असते; छंदासाठी विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या सुट्या भागांची दांडी बहुधा ३.२ मिलिमीटरची असते. यंत्र घेताना त्याच्यासाठी २.४ मिलिमीटरचे कॉलेट मिळते की नाही, हे विचारावे. ते मिळत असेल, तर दंतवैद्यकाच्या सामानाची आणि सोनारांच्या अवजारांची सारी दुकाने आपल्यासाठी उघडतात, आणि खोक्यात आलेल्या शंभर सुट्या भागांपेक्षा तिथली पाच बर्रे अधिक काम करतात.

कॉलेट की बिनचावीचे चक, या प्रश्नावर मी कॉलेटच्या बाजूची आहे. बिनचावीचे चक सोयीचे, कारण एकाच चकमध्ये सगळी मापे बसतात. पण स्वस्त चकच्या तीन जबड्यांतला एक जरी थोडा मागे असला, तरी बिट मध्यरेषेवरून सरकते. ते ०.१ मिलिमीटर सरकले, तर ०.८ चे भोक १.० च्या जवळ जाते आणि गजाच्या जागी बसवायची पितळी तार त्यात खुळखुळते. तपासण्याची रीत सोपी आहे: बारीक सरळ बिट लावून यंत्र सर्वांत कमी वेगावर सुरू करावे आणि टोकाकडे पांढऱ्या कागदाच्या पार्श्वभूमीवर पाहावे. टोक एक दिसले तर ठीक. दोन टोके दिसली तर ते यंत्र घेऊ नये. यंत्र बंद असताना चक बोटांत धरून बाजूला हलवूनही पाहावे. तिथे किंचितही खुळखुळ असेल तर आतली बेअरिंगे सैल आहेत, आणि ती सैलच राहणार.

नावाजलेल्या यंत्रांपैकी दोन मी पुरेशी वापरली आहेत. ड्रेमेल हे नाव तर आता अशा प्रत्येक यंत्राला लावले जाते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली ही कंपनी काढली आणि १९९३ पासून ती बॉशकडे आहे. तिची वायरची यंत्रे दणकट आहेत, कापण्या-घासण्याला उत्तम आहेत, पण अर्धा किलोच्या वर वजन पेनासारखे धरून तासभर नक्षी करणे माझ्या मनगटाला जमत नाही. अशा यंत्रालाच लवचिक दांडा जोडला, की मोटार खुंटीवर टांगता येते आणि हातात फक्त हलकी मूठ राहते; सोनार पायाच्या पेडलवर चालणारी टांगती मोटार वापरतात, तिचेही तत्त्व हेच आहे. दुसरे प्रॉक्सॉनचे १२ व्होल्टवर चालणारे मायक्रोमॉट, ५,००० ते २०,००० फेऱ्यांचे, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे. त्याची पोलादी कॉलेटे मला फार आवडली. शेवटी मी घेतला तो मात्र दंततंत्रज्ञांचा साधा मायक्रोमोटर, कारण त्याचे कार्बन ब्रश झिजले किंवा बेअरिंग गेले तर पुण्यातच ते दुरुस्त करणारे लोक आहेत. माझ्या मते, निवडीच्या कारणांत दुरुस्तीची सोय फार वरच्या जागी असायला हवी.

नात्यातल्या एकांनी मला अमेरिकेहून आणलेले यंत्रही भेट दिले होते. ते १२० व्होल्टचे होते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. खोक्यावरची ओळ मी वाचली, पण घरी कामाला आलेल्या मुलाने मी स्वयंपाकघरात असताना ते नुसता प्लग बदलून लावले, आणि काही क्षणांत ते जळाले. प्रेमाने आणलेली वस्तू अशी गेल्याचे मला आजही वाईट वाटते. परदेशातून कोणी असे यंत्र आणणार असेल, तर व्होल्टचा आकडा आधीच विचारून घ्यावा, आणि घरात आल्यावर त्याच्या वायरीला मोठी चिठ्ठी बांधावी.

बॅटरीवरच्या, मोबाइलच्या चार्जरने भरणाऱ्या पेनासारख्या यंत्रांबद्दल लोक मला विचारतात. प्लॅस्टिकच्या कडा घासायला ती पुरेशी आहेत; सागवानाला नाहीत.

एका बाबतीत मी कोणाचीही सवलत मान्य करत नाही, ती म्हणजे कापायची पातळ चकती. ३८ मिलिमीटरची चकती २०,००० फेऱ्यांवर फिरते, तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ४० मीटर, म्हणजे ताशी १४३ किलोमीटर असतो. ती वाकडी झाली की फुटते आणि तिचा तुकडा त्याच वेगाने निघतो. डोळ्यांवर बाजू झाकणारा चष्मा हवाच. वाचायचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही. चकतीच्या फिरण्याच्या रेषेत आपला चेहरा ठेवू नये. तारेच्या ब्रशांना वेगाची मर्यादा याहून कमी असते, बहुधा १५,००० फेरे, आणि ती ओलांडली की तारा सुटून अंगात रुततात. हातमोजे घालू नयेत, ओढणी आणि पदर खोचून घ्यावेत, केस बांधावेत. नक्षी करताना उडणारी सागवानाची धूळ नाकाला झोंबते, म्हणून मास्क लावून खिडकीजवळ बसावे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी आजारी असतात. त्यांच्या झोपेच्या वेळी मी यंत्र लावत नाही, पिन व्हाइस घेऊन बसते. त्या शांत तासांतच माझ्या बहुतेक खिडक्या झाल्या आहेत.

प्रत्येक भोकाला मी बिटाचे टोक मेणावर टेकवते, १ मिलिमीटर उतरते, बाहेर काढून मऊ ब्रशाने खोबण साफ करते, आणि पुन्हा उतरते. ३ मिलिमीटर खोली झाली की थांबते. बिटावर चिकटपट्टीची चिंधी गुंडाळून ती खोली आधीच ठरवलेली असते. एका खिडकीच्या सोळा भोकांना साधारण दीड तास लागतो. बावीसपैकी एकोणीस खिडक्या झाल्या आहेत, आणि आजवर एकही चौकट फुटलेली नाही. रस्त्याकडच्या खालच्या चौकटी मी मुद्दाम त्या खांबाच्या अशा भागातून काढल्या, जिथे पुराच्या पाण्याची रेघ गेली होती. तासल्यावर तिथे लाकडाचा रंग किंचित गडद निघाला.

तीन खिडक्या संपल्या की दिंडी दरवाजा घ्यायचा आहे. त्याच्या दोन्ही फळ्यांवर मोठ्या डोक्याचे खिळे होते, ओळीने नऊ आणि ओळी सात. माझ्या मापांच्या वहीत खिळ्याच्या डोक्याचा व्यास ४० मिलिमीटर लिहिलेला आहे, म्हणजे प्रतिकृतीत १.६. तेवढ्या डोक्याचे पितळी खिळे तयार मिळाले तर बुधवारी जुन्या बाजारात बघणार आहे. जुन्या कुलपांच्या आणि घड्याळांच्या ढिगांत असे काही सापडते. नाही मिळाले, तर १ मिलिमीटरची तार घेऊन एकेक डोके वळवावे लागेल, आणि भाच्याकडून त्यासाठी वाटीच्या आकाराचे एक बर्र मागून ठेवले आहे.